व्यापारविद्येचा पहिला व्यवहार

समुद्र ओलांडणे गोमंतकाला नवे नाही. पोटासाठी मुंबई गाठणारा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कारकुनी करणारा, बोटीवर चढणारा तारवटी आणि पुढे आखाताची वाट धरणारा कामगार, अशा कितीतरी पिढ्या या भूमीने पाहिल्या. त्या सर्वांच्या प्रवासात एक गोष्ट समान होती. माणूस बाहेर जाई आणि पैसा घरी येई. त्या पैशावर घराची कौले बदलली, बहिणींची लग्ने झाली, धाकट्या भावांची शिक्षणे झाली. आता या प्रवाहाची दिशा उलटली आहे. व्यवस्थापनशास्त्राची पदवी मिळविण्यासाठी आमचे युवक-युवती अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात, जर्मनीत जातात तेव्हा माणूसही बाहेर जातो आणि त्याच्यामागोमाग घरचा पैसाही. कुठे बापाची निवृत्तीची पुंजी जाते, कुठे आजोबांनी लावलेले कुळागर बँकेत तारण पडते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार केवळ शिक्षणाचा प्रश्न म्हणून करून भागणार नाही. तो घराच्या भवितव्याचा प्रश्न आहे आणि तसाच त्याचा विचार झाला पाहिजे.

आमची भूमिका आरंभीच स्पष्ट करतो. परदेशी शिक्षणाला आमचा विरोध नाही. विद्येला सीमा नसतात आणि व्यापाराला तर कधीच नव्हत्या. एका चांगल्या व्यापारशाळेत निरनिराळ्या देशांच्या सहाध्यायांबरोबर काढलेली दोन वर्षे माणसाची दृष्टी पालटून टाकू शकतात, हे आम्ही जाणतो. आमचा आक्षेप आहे तो ज्या रीतीने ही निवड केली जाते त्या रीतीला. जो तरुण भांडवल, जोखीम, परतावा आणि करार यांचे शास्त्र शिकायला निघाला आहे, तोच आपल्या आयुष्यातील पहिला मोठा व्यवहार भांडवल न मोजता, जोखीम न तपासता आणि करार न वाचता करतो, हा विरोधाभास नव्हे काय? शाळेची निवड हीच व्यापारविद्येची पहिली परीक्षा आहे, आणि ती प्रवेशापूर्वीच द्यावी लागते.

या परीक्षेतील पहिला प्रश्न शाळा कोणती हा नाही. कशासाठी, हा आहे. १८८१ साली फिलाडेल्फिया शहरात जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हानिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल सुरू झाले. अमेरिकेतील विद्यापीठीय व्यापारशिक्षणाचा तो आरंभ मानला जातो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच शहरात आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी पोचल्या. निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून आपण कशासाठी जातो, हिंदुस्थानात राहून ते का साधणार नाही आणि एकटीनेच का जातो, या प्रश्नांना एकेक करून उत्तर दिले. आज परदेशी व्यापारशाळेच्या अर्जात जे निबंध मागितले जातात त्यांचा गाभा नेमका हाच असतो: हीच पदवी का, आताच का, इथेच का आणि पुढे काय. ज्याच्यापाशी याचे उत्तर आहे त्याला निबंध जड जात नाही. ज्याच्यापाशी ते नाही, त्याला दुसऱ्याकडून लिहून घेतलेला निबंध तारून नेत नाही. कदाचित प्रवेशापर्यंत नेईल. नोकरीच्या मुलाखतीपर्यंत नक्कीच नेणार नाही.

दुसरा प्रश्न पदवीच्या प्रकाराचा, आणि इथे आमच्याकडे मोठा गोंधळ आहे. बी. कॉम. किंवा बी. बी. ए. होताच 'बाहेरून एमबीए' करण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः १९०८ साली हार्वर्डने ही पदवी सुरू केल्यापासून तिचा जो विकास झाला, तो अनुभवी माणसाचे शिक्षण म्हणून झाला. नामवंत शाळांतील विद्यार्थी सरासरीने चार-पाच वर्षे नोकरी वा व्यवसाय करून आलेले असतात. वर्गातील निम्मे शिक्षण एकमेकांच्या अनुभवावर चालते. ज्याच्यापाशी अनुभव नाही तो तिथे काय देणार आणि काय घेणार? नुकत्याच पदवीधर झालेल्यासाठी युरोपात 'मास्टर इन मॅनेजमेंट' नावाचा वेगळा अभ्यासक्रम असतो. तो त्याच्यासाठीच आखलेला असतो. काही मोठ्या अमेरिकी शाळा पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आधी जागा राखून देतात आणि दोन-चार वर्षे काम करून मग या, असे सांगतात. हार्वर्डची 'टू प्लस टू' योजना ही अशीच. उलट अनुभव नको, चाचणी नको, मुलाखत नको, फक्त शुल्क भरा आणि एमबीए व्हा, असे जी शाळा सांगते, ती आपल्या दर्जाची माहिती आपणच देत असते. ती ऐकण्याची तयारी मात्र हवी.

काळाचाही हिशेब आहे. अमेरिकी पदवी सहसा दोन वर्षांची. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९५७ साली स्थापन झालेल्या इन्सिआडची दहा महिन्यांची. इंग्लंडातील पुष्कळशा एक वर्षाच्या. एक वर्षाच्या शिक्षणात एका वर्षाचे शुल्क आणि एका वर्षाचा बुडालेला पगार वाचतो, हे खरे. पण दोन वर्षांच्या मध्ये उन्हाळ्यात जी उमेदवारी मिळते आणि जिच्यातून पुढे पक्की नोकरी पुष्कळदा हाती येते, ती एक वर्षात बहुधा मिळत नाही. जो आपलेच क्षेत्र पुढे नेणार आहे किंवा घरच्या धंद्यात परतणार आहे, त्याला एक वर्ष पुरे होईल. ज्याला क्षेत्रच बदलायचे आहे त्याने या वाचलेल्या वर्षाची किंमत नीट करावी.

मग येतो क्रमांकांचा बाजार. वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी लावलेल्या क्रमवाऱ्या पाहून शाळा निवडणे म्हणजे पंचांग पाहून पेरणी करणे, पण आकाशाकडे न पाहणे होय. लंडनचे 'फायनॅन्शियल टाइम्स' हे पत्र जी प्रसिद्ध क्रमवारी करते, तिच्यात पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणाऱ्या पगाराला मोठे वजन असते, आणि तो पगार प्रत्येक देशातील क्रयशक्तीनुसार डॉलरांत बदललेला असतो. म्हणजे मुंबईत रुपयांत मिळणारा पगार तिथे बँकेच्या दराने मिळतील त्याहून कितीतरी अधिक डॉलरांचा दिसतो. तो आकडा कर्जफेडीच्या चोपडीत उतरवू गेल्यास चोपडी फसते. क्रमवारीपेक्षा साधी आणि भक्कम खूण म्हणजे मान्यता. अमेरिकेची १९१६ सालची 'एएसीएसबी', लंडनची 'अँबा' आणि युरोपची 'इक्विस' या तीन संस्था व्यापारशाळांची तपासणी करतात. यांपैकी एकीचीही मान्यता नसलेल्या शाळेत घरचे पैसे ओतण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मान्यता असली म्हणजे सारे झाले असे नाही, पण ती नसली तर पुढची चौकशी अधिक कडक हवी. ज्याला परत येऊन सरकारी नोकरी किंवा अध्यापन करायचे असेल, त्याने त्या पदवीला येथे समकक्षता मिळते की नाही हेही आधीच पाहावे.

क्रमवारीहून कितीतरी उपयुक्त असा एक कागद जवळजवळ प्रत्येक चांगली शाळा स्वतःच प्रसिद्ध करते, आणि तो आमच्याकडे फारच थोडे लोक वाचतात. तो म्हणजे रोजगार अहवाल. त्यात पदवीनंतर तीन महिन्यांत कितीजणांना नोकरी मिळाली, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या प्रदेशात, किती पगारावर, हे दिलेले असते. तो वाचण्याची एक रीत आहे. टक्केवारी एकूण विद्यार्थ्यांची आहे की केवळ नोकरी शोधणाऱ्यांची, हे पाहावे. किती विद्यार्थ्यांनी आपली माहिती दिली ते पाहावे. पगाराची सरासरी न पाहता मध्यांक पाहावा, कारण दोन-चार अतिश्रीमंत पगार सरासरीला वर ओढून नेतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अमेरिकेतील पुष्कळ शाळा ज्यांना त्या देशात काम करण्याचा कायमचा हक्क आहे त्यांचे आणि ज्यांना तो नाही त्यांचे आकडे वेगवेगळे देतात. आपल्या मुलाची ओळ दुसरी आहे. जाहिरातीत झळकते ती बहुधा पहिली किंवा एकत्रित. मोठ्या नावाच्या सावलीतही ऊन लागते, हे लक्षात असू द्यावे. हार्वर्डच्या २०२४ च्या तुकडीतील नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के पदवीधर तीन महिन्यांनंतरही शोधातच होते. हार्वर्डची ही गत, तर ज्या शाळेचे नाव आपण एजंटाच्या तोंडूनच प्रथम ऐकले तिची काय असेल?

शाळा चांगली आहे एवढ्याने भागत नाही, कारण शिक्षण शाळा देते, पण त्या देशात राहून काम करण्याची मुभा सरकार देते. शाळेचे वचन आणि सरकारचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कायदे मतपेटीच्या वाऱ्याबरोबर फिरतात. इंग्लंडने शिक्षणानंतर दोन वर्षे काम करू देणारी जुनी वाट २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये ती नव्या नावाने पुन्हा उघडली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती दीड वर्षावर आणण्याचे ठरविले आहे. त्यानंतर तिथे टिकायचे तर कुशल कामगाराचा परवाना लागतो आणि त्यासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पत्नी वा पती व मुले सोबत नेता येत नाहीत, हेही विवाहितांनी ध्यानात घ्यावे.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर वार्षिक मर्यादा घातली. पदव्युत्तर विद्यार्थी प्रथम तीतून वगळले, २०२५ साठी आत ओढले आणि २०२६ पासून सार्वजनिक संस्थांपुरते पुन्हा वगळले. तीन वर्षांत तीन तऱ्हा! अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करता येते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, म्हणजे 'स्टेम'च्या, सरकारी यादीत असला तर आणखी दोन वर्षे. अनेक व्यापारशाळांनी आपले अभ्यासक्रम त्या यादीत बसवून घेतले आहेत, काहींनी नाहीत. आपला अभ्यासक्रम त्यात आहे की नाही हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे. एका वर्षाची मुभा आणि तीन वर्षांची मुभा यांत कर्जफेडीचे सारे गणित बदलते. पुढे दीर्घ मुदतीच्या एच-वन-बी परवान्यासाठी वर्षाला ८५,००० जागांची मर्यादा आहे आणि मागणी तिच्याहून कितीतरी जास्त असते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये त्या देशाच्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार फर्मावला. तेथेच शिकून परवाना बदलणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा मागाहून झाला. पण फर्मान आणि खुलासा यांमधल्या त्या आठवड्यांत किती घरांची झोप उडाली असेल! त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबविले होते. याचा अर्थ जाऊ नये असा नाही. अर्थ एवढाच की, तिथे राहायला मिळेलच हे गृहीत धरून कर्ज काढू नये. राहायला मिळाले नाही आणि दोन वर्षांत परतावे लागले तरी फेडता येईल एवढेच कर्ज घ्यावे. आमच्या मते हीच खरी कसोटी आहे.

ही कसोटी आकड्यांवर घासून पाहू. अमेरिकेतील पहिल्या श्रेणीच्या शाळेत दोन वर्षांचे शुल्क आणि राहणीचा खर्च मिळून दोन लाख डॉलरांच्या पुढे जातो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांचा उंबरठा ओलांडला. त्या भावाने ही रक्कम एक कोटी ऐंशी लाखांवर जाते. पूर्ण रक्कम सोडा. समजा पन्नास लाखांचे कर्ज काढले, व्याज शेकडा अकरा आणि फेड दहा वर्षांत. दरमहा हप्ता सुमारे ६९ हजार रुपयांचा पडतो आणि एकंदर परतफेड साडेब्याऐंशी लाखांवर जाते. शिवाय शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज झोपत नाही. ते मुद्दलात भर घालीतच असते. आता हा हप्ता पणजीत, पुण्यात किंवा बंगळुरात मिळणाऱ्या पगारातून भरता येईल काय, हा प्रश्न मुलाने बापाला नव्हे, स्वतःला विचारावा. रुपया दरवर्षी थोडाथोडा घसरतो हे लक्षात घेता दुसऱ्या वर्षाचे शुल्क पहिल्यापेक्षा महाग पडणार, हेही धरून चालावे.

शुल्काचा छापील आकडा म्हणजे शेवटचा शब्द मात्र नव्हे. गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. हार्वर्ड व स्टॅनफर्ड येथे आर्थिक गरज पाहून साहाय्य मिळते. दोन शाळांची निमंत्रणे हाती असतील तर एकीची शिष्यवृत्ती दुसरीला कळवून अधिक साहाय्य विनयाने मागण्यात कमीपणा नाही. भाव विचारायला लाजणारा व्यापारी कसला? इंग्लंडची चेव्हनिंग शिष्यवृत्ती, १८९२ पासून चालत आलेली जमशेटजी टाटांची शिक्षणनिधी कर्जशिष्यवृत्ती, आपल्या राज्यातील मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना यांचे नियम खासगी बँकेची पायरी चढण्याआधी वाचावेत. जर्मनीत बहुतेक राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत हे खरे, पण एमबीएला तेथेही बहुधा शुल्क असते. ज्याची मूळ पदवी वाणिज्याची वा अर्थशास्त्राची आहे त्याला तेथील व्यवस्थापनाची साधी एम. एस्सी. हा स्वस्त मार्ग ठरू शकतो. त्यासाठी भारतीय प्रमाणपत्रांची 'एपीएस' तपासणी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची झाली. निर्वाहासाठी जी रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागते ती सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठरली. फुकट काहीच नसते, पण स्वस्त आणि महाग यांतला फरक डोळसाला दिसतो.

हे सारे सांगायला आमच्या शहरांतून 'मार्गदर्शन केंद्रे' आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत खरी. पणजी, मडगाव, म्हापसा येथे अशा पाट्या लागलेल्या आहेत, आणि सल्ला फुकट मिळतो. फुकट सल्ला देणाऱ्याचे पोट कशावर चालते, एवढाच आमचा प्रश्न आहे. अनेक परदेशी संस्था दर विद्यार्थ्यामागे अशा केंद्रांना दलाली देतात. अमेरिकेचा कायदा विद्यार्थी मिळविण्यासाठी दलाली देण्यास आपल्या संस्थांना मनाई करतो, पण परदेशांत राहणाऱ्या परकीय विद्यार्थ्यांची भरती या मनाईतून वगळलेली आहे! स्वतःच्या लेकरांसाठी जे त्यांना अनुचित वाटले ते आमच्या लेकरांसाठी चालते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सर्वच मध्यस्थ लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. कागदपत्रांची जुळवाजुळव पुष्कळजण प्रामाणिकपणे करून देतात. पण ज्या शाळा दलाली देत नाहीत त्यांची नावे त्यांच्या यादीत सापडणे कठीण, आणि सर्वोत्तम शाळा बहुधा दलाली देत नाहीत. कॅलिफोर्नियातील 'ट्राय-व्हॅली' नावाचे तथाकथित विद्यापीठ २०११ च्या जानेवारीत तेथील सरकारने छापा घालून बंद पाडले, तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी उघड्यावर पडले आणि काहींच्या पायांत पाळत ठेवणारे पट्टे अडकविण्यात आले. त्या आठवणी जुन्या झाल्या असतील, निरुपयोगी झालेल्या नाहीत.

ज्याने हे सर्व तोलून निर्णय घेतला, त्याने अर्ज स्वतः करावा. ते अवघड नाही, फक्त वेळेचे काम आहे. पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गासाठी पहिल्या फेरीचे अर्ज यंदाच्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्या चतुर्थीच्या आगेमागे, भरायचे असतात. दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी, तिसरी एप्रिलच्या सुमारास. परदेशी विद्यार्थ्याने तिसऱ्या फेरीची वाट पाहू नये. तोवर जागा व शिष्यवृत्त्या आटलेल्या असतात आणि व्हिसासाठी दिवस उरत नाहीत. म्हणजे जीमॅट किंवा जीआरई ही चाचणी त्याआधीच्या उन्हाळ्यातच उरकली पाहिजे. जीमॅटचे रूप २०२३ च्या अखेरीस बदलले. आता ती सव्वादोन तासांची आहे, गुण २०५ ते ८०५ यांमध्ये मिळतात आणि ते पाच वर्षे चालतात. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे टिकतात. जुन्या पुस्तकांवर आणि थोरल्या चुलतभावाच्या गुणांवर विसंबू नये, कारण जुने गुण आणि नवे गुण हे एक नव्हेत.

शिफारसपत्रांविषयी आमच्या समाजात एक खास गैरसमज आहे. आमदाराचे, मंत्र्याचे किंवा मठमंदिराच्या अध्यक्षांचे पत्र जोडले की काम होते, असे पुष्कळांना वाटते. परदेशी शाळेला पद नको असते, परिचय हवा असतो. ज्या वरिष्ठाने तुमचे काम रोज पाहिले, तुमची चूक दाखविली आणि तुम्ही ती कशी सुधारलीत हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दोन परिच्छेदांचे मोल मंत्र्याच्या शिक्कामोर्तबापेक्षा अधिक असते. घरच्या धंद्यात काम करणाऱ्याने वडिलांचे पत्र जोडू नये. मोठे गिऱ्हाईक, पुरवठादार, लेखापाल यांच्याकडे जावे. निबंधातही तेच. खाणी बंद पडल्यावर बार्जचा धंदा कसा सांभाळला, काजूच्या कारखान्यात बायांची पाळी कशी बसविली, चार खोल्यांचे अतिथिगृह पावसाळ्यात कसे चालविले, हे ज्याने खरोखर केले आहे त्याने ते साध्या शब्दांत लिहावे. दूरच्या देशातला वाचक अशाच गोष्टीसाठी थांबतो. उसन्या इंग्रजीतील मोठमोठ्या शब्दांसाठी तो थांबत नाही.

आणि अर्ज किती करावेत? श्रेष्ठ अमेरिकी शाळांत एकेका अर्जाचे शुल्क अडीचशे डॉलरांच्या आसपास असते. आठ शाळांचे दोन हजार डॉलर, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये नुसत्या अर्जांत! त्यापेक्षा चार ते सहा शाळा नीट निवडाव्या: एक-दोन आवाक्याबाहेरच्या वाटाव्या अशा, दोन-तीन बरोबरीच्या, एक खात्रीची. खात्रीची शाळाही अशीच असावी की तिथे जायला मिळाले तर आनंदच होईल. शुल्कमाफी अनेक शाळा मागितल्यास देतात. ज्या शाळेत जायचे तिच्यातील भारतीय माजी विद्यार्थ्यांना दोन ओळी लिहून विचारावे. ते जे सांगतात ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

गोमंतकापुरता एक प्रश्न निराळा आहे, तो पोर्तुगीज पारपत्राचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या वंशजांना त्या नागरिकत्वाचा मार्ग उघडा असल्याने, युरोपात शुल्क कमी पडेल या हिशेबाने काही तरुण तिकडे वळतात. युरोपीय संघातील सार्वजनिक विद्यापीठांत तसा लाभ होऊ शकतो हे खरे. परंतु इंग्लंड संघातून बाहेर पडल्यापासून तेथे नव्याने जाणारा पोर्तुगीज पारपत्रधारीही सर्वसाधारणपणे परदेशी विद्यार्थ्याचेच शुल्क भरतो, आणि खासगी व्यापारशाळांची एमबीएची शुल्के बहुधा सर्वांना सारखीच असतात. शिवाय भारताचे नागरिकत्व त्यात जाते, आणि त्यासोबत मतदानाचा हक्क व शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार जातो. दोन वर्षांच्या शुल्कातील सवलतीसाठी आयुष्यभराचे नाते तोडावे का, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. मात्र तो शुल्काच्या तक्त्याकडे पाहून करू नये, एवढेच आम्ही म्हणू.

व्यक्तीने काय करावे हे आम्ही सांगितले. राज्याने काय करावे हेही सांगितले पाहिजे. बिनव्याजी कर्ज आणि शिष्यवृत्ती देऊन सरकारचे कर्तव्य संपत नाही. सार्वजनिक पैशावर जो बाहेर जातो तो कोणत्या शाळेत जातो, तिला मान्यता आहे काय, तेथून परतलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. गोवा विद्यापीठात एक दालन असे असावे की जेथे दलालीचा संबंध नसलेला जाणकार विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना मराठीत व कोंकणीत बसवून रोजगार अहवाल कसा वाचावा, कर्जाचा तक्ता कसा मांडावा, हे समजावून देईल. याला कोट्यवधींची इमारत लागत नाही. दोन टेबले आणि दोन प्रामाणिक माणसे लागतात. मध्यस्थ केंद्रांनी आपल्याला कोणत्या संस्थेकडून किती दलाली मिळते हे पाटीवर लिहावे, असा नियम करायला तर एक पैचाही खर्च नाही. सोने विकणाऱ्याने शुद्धतेचा छाप दाखवायचा असतो. आयुष्य विकणाऱ्याने काहीच दाखवू नये काय?

शेवटी तुलना 'परदेश की काहीच नाही' अशी करू नये. १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद व कलकत्त्याच्या संस्था आहेत, हैदराबादची शाळा आहे, आणि १९९३ पासून आपल्याच भूमीत उभी राहिलेली, आज साखळीच्या परिसरात नांदणारी गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटही आहे. परदेशी शाळेचा प्रत्येक आकडा यांच्या आकड्याशेजारी मांडून पाहावा. तसा मांडल्यावरही ज्याचे पारडे परदेशाकडे झुकते त्याने निःशंक जावे, मन लावून शिकावे, आणि घरच्यांनी त्याला हसतमुखाने निरोप द्यावा. पण ज्या दिवशी कुळागराचे कागद बँकेच्या टेबलावर ठेवले जातील, त्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, दिवा मोठा करून, हा जमाखर्च एकदा मांडावा. त्या चोपडीवर बापाइतकीच मुलाचीही सही असावी.